दोरावरचे सहा सेकंद

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून विमानसेवा सुरू करायची तर ही चिमणी आड येते, यावरून शहरात बरीच वर्षं वाद चालला होता. चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती. या जिल्ह्याच्या सपाट रानात एवढ्या उंचीच्या वस्तू फार थोड्या. अक्कलकोट तालुक्यातलं मैंदर्गी घ्या. कर्नाटकाच्या सीमेला खेटून असलेलं, घरात कन्नड आणि बाजारात मराठी सहज बोलणारं हे नगरपालिकेचं गाव. तिथं ना कडा, ना टोलेजंग इमारत. दोरावरून खाली उतरायचं म्हटलं, तर तिथला माणूस आडात किंवा विहिरीत उतरेल.

तरीही या प्रकरणाचा विषय आहे उंच इमारतीवरून दोराच्या आधारानं, कमीत कमी वेळात उतरण्याचा विक्रम. हिशेबासाठी एक उंची हाताशी हवी, म्हणून सोलापूरकरांच्या ओळखीची ९० मीटर घेऊ. समजा, तेवढ्या उंचीच्या इमारतीच्या गच्चीवर एक स्टंट करणारा उभा आहे. वजन ७५ किलो. कमरेला हार्नेस म्हणजे मजबूत पट्ट्यांचा साज, हार्नेसला कॅरॅबिनर म्हणजे उघडझाप होणारी कडी, त्यात दोर अडकवलेला डिसेंडर. शिट्टी वाजली की निघायचं आणि जमिनीला पाय टेकले की घड्याळ थांबणार. किती सेकंद लागतील?

दोन टोकं

उत्तराची एक मर्यादा निसर्गानंच आखून ठेवली आहे. दोर नसेल आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर ९० मीटर खाली यायला ४.३ सेकंद लागतात. जमिनीला टेकताना वेग असतो ताशी सुमारे १५० किलोमीटर. यापेक्षा लवकर कोणी पोहोचू शकत नाही आणि या वेगानं पोहोचून कोणी विक्रमाचं प्रमाणपत्र घ्यायला उभा राहत नाही. दुसरं टोक शिबिरातल्या नवशिक्याचं. प्रशिक्षक त्याला बजावतो, घाई करू नकोस, उड्या मारू नकोस. सेकंदाला अर्धा मीटर अशा बेतानं तो उतरला तर त्याला तीन मिनिटं लागतात. विक्रम या तीन मिनिटांच्या आणि ४.३ सेकंदांच्या मध्ये कुठंतरी असतो.

या दोन टोकांमध्ये एक गोष्ट मात्र तसूभरही बदलत नाही. उंचीवर उभ्या असलेल्या माणसापाशी उंचीमुळे आलेली ऊर्जा असते. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ती मिळते. इथं ती सुमारे ६६ हजार ज्यूल भरते. खाली पोहोचून स्थिर उभं राहायचं तर ही सगळी ऊर्जा वाटेत कुठंतरी टाकून यावी लागते, आणि दोरावर ती टाकायची एकच पद्धत आहे. घर्षणानं तिची उष्णता करायची. सावकाश उतरणारा आणि सुसाट उतरणारा, दोघंही तेवढीच उष्णता निर्माण करतात. तिच्यावर सव्वादोनशे ग्रॅम पाणी, म्हणजे मोठा पेलाभर पाणी, ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल.

फरक पडतो तो मिळणाऱ्या वेळात. तीन मिनिटांत उतरणाऱ्याच्या डिसेंडरमध्ये दर सेकंदाला सुमारे ३७० ज्यूल उष्णता तयार होते. वाऱ्याला आणि दोराला ती वाहून न्यायला पुरेसा अवधी असतो. नऊ सेकंदांत उतरणाऱ्याला तीच उष्णता सेकंदाला ७,३०० ज्यूलहून अधिक दरानं बाहेर टाकावी लागते. म्हणून वेगानं उतरण्याच्या विक्रमात धाडसापेक्षा उष्णतेचा बंदोबस्त आधी पाहावा. माणूस उडी मारायला तयार असतो. तयार नसतो तो दोर.

आडाच्या खांबापाशी

हा बंदोबस्त माणसानं कसा शिकला, हे पाहायला मैंदर्गीच्या बाजूचा एखादा आड पुरे. विहिरीला पायऱ्या असतात, आडाला त्या नसतात. उन्हाळ्यात गाळ काढायचा किंवा अडकलेली वस्तू काढायची, तर माणसाला दोरानंच खाली सोडावं लागतं. ७५ किलोचा माणूस नुसत्या हातांनी धरून सावकाश सोडणं एकट्याला जमणारं काम नाही. पण काठावर पक्का रोवलेला खांब असेल आणि दोराला त्याच्याभोवती दोन वेढे दिले, तर एकटा माणूसही हे काम आरामात करतो.

यामागचं गणित लेओनार्ड ऑयलर यानं १८ व्या शतकात मांडलं. दोर गोल वस्तूभोवती जितका गुंडाळावा, तितकी त्याची पकड नुसती वाढत नाही, ती पटीपटीनं वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर ७५ किलोचा भार पेलायला हाताशी ११-१२ किलोचा ताण पुरतो. दोन वेढ्यांनंतर पावणेदोन किलोपेक्षा थोडं कमी. तीन वेढे दिले की पाव किलोच्या आसपास. बाकीचा भार खांब पेलतो, आणि सुटणाऱ्या ऊर्जेची उष्णता दोर आणि खांब यांच्या संपर्कात तयार होते.

उतरणाऱ्याच्या कमरेला लटकणारा डिसेंडर म्हणजे हाच खांब, फक्त तो माणसाबरोबर खाली जातो. दोन कड्या असलेला, इंग्रजी आठाच्या आकाराचा ‘फिगर ऑफ एट’ महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गिर्यारोहण संस्थेच्या पिशवीत सापडेल. दोर त्याच्या मोठ्या कडीतून जाऊन मानेभोवती वळसा घेतो. उतरणाऱ्याचा खालचा हात त्या दोराचा कोन बदलतो. हात कमरेमागे नेला की दोर धातूला अधिक भिडतो आणि वेग कमी होतो. हात पुढे आणून दोर सैल सोडला की वेग वाढतो. वेगाचा सगळा कारभार त्या एका हाताच्या थोड्याशा हालचालीत असतो.

उष्णतेचा प्रवास

दोरावरून उतरण्याच्या तंत्राचा इतिहास म्हणजे ही उष्णता माणसाच्या अंगापासून दूर कशी नेली, याचा इतिहास. सगळ्यात जुनी पद्धत तळव्यांची. दोर मुठीत धरून घसरलेल्या कोणालाही तिची मर्यादा ठाऊक असते. कातडी सोलवटते.

शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले-स्ट्राटाँ यानं १८७६ मध्ये आल्प्समधल्या पती द्रू शिखरावर एकट्यानं प्रयत्न केला. तिथून परतताना त्यानं दुहेरी दोराची युक्ती वापरली. दोर कातळावरून दुमडून दोन्ही टोकं खाली सोडायची, उतरायचं आणि मग एक टोक ओढून दोर परत घ्यायचा. १८७९ मध्ये त्यानं ते शिखर सर केलं. पुढे जर्मन गिर्यारोहक हान्स ड्युल्फर याच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत आली. दोर मांडीखालून घ्यायचा, छातीवरून तिरका वर नेऊन खांद्यावरून पाठीमागे सोडायचा. शरीर हाच खांब आणि शरीराभोवती दोराचा वेढा. तळवे वाचले, पण मांडी आणि मान भाजू लागली. ड्युल्फर पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये मारला गेला. त्याची पद्धत मात्र अनेक दशकं टिकली. आजही कडी किंवा डिसेंडर हाताशी नसेल, तर जाणकार माणूस याच रीतीनं उतरतो.

मग धातू आला. उष्णता माणसाच्या अंगावरून ॲल्युमिनियमच्या कडीवर गेली. ॲल्युमिनियम उष्णता लवकर घेतं आणि लवकर पसरवतं, म्हणून ते डिसेंडरला सोयीचं. पण १०० ते १२० ग्रॅमच्या कडीत मावणार तरी किती? आपले ६६ हजार ज्यूल सगळेच्या सगळे अशा कडीत कोंडले, तर तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास वाढेल. प्रत्यक्षात बराचसा भाग दोर आणि हवा घेऊन जातात. तरी लांबलचक, वेगवान उतरणीनंतर कडीला उघडा हात लावण्याची चूक कोणी दुसऱ्यांदा करत नाही.

इथं दोराच्या धाग्याचा प्रश्न येतो. आपल्याकडची मोटेची नाडा-सोंदूर असो किंवा जनावराचं दावं, ती पूर्वी अंबाडी, ताग, घायपात अशा वनस्पतींच्या धाग्यांची असत. असा धागा तापला की करपतो, वितळत नाही. आजचा गिर्यारोहणाचा दोर नायलॉनचा असतो. आत भार पेलणारा गाभा आणि वरून विणलेलं आवरण. तो वनस्पतींच्या दोरापेक्षा मजबूत आणि लवचीक असतो, ओलाव्यानं कुजत नाही. पण प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान तो वितळतो आणि मऊ पडायला त्याच्या बराच आधी लागतो. अतिशय बळकट म्हणून नावाजलेला पॉलिथिलीनचा डायनीमा तर १५० अंशही गाठत नाही. ताकद आणि उष्णता सोसण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात दोर पाहताना आपण पहिलीच विचारतो.

सहा सेकंद आणि साडेचार सेकंद

आता विक्रमाकडे वळू. ९० मीटर लवकरात लवकर कसं उतरायचं? सोपा विचार असा, की जितका वेळ जमेल तितका वेळ मोकळं पडायचं आणि शेवटी ब्रेक लावायचा. प्रश्न उरतो तो शेवट कुठं सुरू करायचा याचा.

पहिला पर्याय बघू. अर्ध्या उंचीपर्यंत, म्हणजे ४५ मीटर मोकळं पडायचं आणि उरलेल्या ४५ मीटरांत समान दरानं वेग शून्यावर आणायचा. मधल्या क्षणी वेग ताशी १०७ किलोमीटर होतो. एकूण वेळ ६.१ सेकंद. ब्रेक लागत असताना दोरावर माणसाच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे दीडशे किलोचा भार येतो. चांगला दोर, चांगला हार्नेस आणि तयार शरीर हे सहज सोसतं.

दुसरा पर्याय. ८० मीटर मोकळं पडायचं आणि शेवटच्या दहा मीटरांत थांबायचं. आता सर्वाधिक वेग ताशी १४० किलोमीटरच्या पुढे जातो आणि एकूण वेळ साडेचार सेकंदांच्या थोडा वर. दोरावरचा भार मात्र वजनाच्या नऊपट, म्हणजे पावणेसातशे किलो. उंचीवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षा साधनांसाठी जी युरोपीय मानकं आहेत, त्यांत पडणाऱ्या माणसाला थांबवताना शरीरावर येणारं बल ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचं असतं. आपला माणूस साडेसहा किलोन्यूटनच्या पुढे गेलेला असतो.

दोन्ही पर्यायांत फरक आहे जेमतेम दीड सेकंदाचा. तेवढ्यासाठी दोरावरचा भार साडेचारपट होतो. उष्णतेचं तर विचारूच नका. पहिल्या पर्यायात ६६ हजार ज्यूल तीन सेकंदांत बाहेर पडतात, दुसऱ्यात अर्ध्या सेकंदात. वेगाच्या विक्रमात शेवटचे काही दशांश सेकंद इतके महाग का पडतात, ते या हिशेबातून कळतं. पहिलं मिनिट वाचवायला जवळपास काहीच लागत नाही. शेवटच्या सेकंदासाठी सगळं पणाला लावावं लागतं.

शिवाय हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात हात इतका समान ब्रेक लावू शकत नाही आणि दोरही ताणला जातो. उतरण्यासाठीचा ‘स्टॅटिक’ दोर कमी ताणला जाणारा असतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ९० मीटर लांबीवर दोन-तीन टक्के ताण म्हणजे दोन-अडीच मीटर. जमिनीपासून दोन मीटरवर थांबायचा बेत करणारा जमिनीवरच आदळेल. प्रस्तरारोहणात पडणाऱ्याला झेलण्यासाठी मुद्दाम ताणला जाणारा ‘डायनॅमिक’ दोर वापरतात. तो इथं वापरला, तर वर-खाली झोके घेण्यातच विक्रम संपेल.

दोराचं स्वतःचं वजन

इमारत जसजशी उंच होते, तसा एक नवा खेळाडू मैदानात उतरतो. तो म्हणजे दोराचं वजन. ११ मिलिमीटर जाडीचा स्टॅटिक दोर मीटरला सुमारे ७५ ग्रॅम भरतो. १ जुलै १९९२ रोजी ब्रिटनचे रॉयल मरीन्स आणि कॅनडातलं बचाव प्रशिक्षण विद्यालय यांचे बारा-बारा जणांचे दोन संघ टोरांटोच्या सीएन टॉवरवरून ४४६.५ मीटर उतरले. इमारतीवरून दोरानं उतरण्याचा तो विक्रम ठरला. अशा उंचीवर नुसता लोंबणारा दोरच ३० किलोंहून जड असतो.

हा दोर डिसेंडरच्या खाली लटकतो आणि तिथंच ब्रेकचं काम करतो. वरून निघताना हात पूर्ण मोकळा सोडला तरी माणूस हलत नाही. त्याला दोर उचलून उचलून डिसेंडरमध्ये सारावा लागतो. जसजसं खाली जावं तसतसा खालचा दोर आखूड होतो, त्याचं वजन घटतं, ब्रेक आपोआप सैल होत जातो. नेमकी तोवर कडी तापलेली असते आणि हात थकलेला असतो. म्हणजे धोका वाढतो तो जमीन जवळ आल्यावर, जेव्हा पाहणारे टाळ्या वाजवायला लागलेले असतात.

यावर तोडगा काढला गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी. अमेरिकेतल्या जॉन कोल यानं १९६६ मध्ये ‘रॅक’ तयार केला. लांब पोलादी चौकटीवर आडव्या दांड्यांची रांग आणि दोर त्यांच्यामधून नागमोडी ओवलेला. वर असताना थोड्याच दांड्या वापरायच्या, खाली जाताना एकेक दांडी वाढवायची. उष्णता पसरायला धातूही भरपूर मिळतो. त्याच वर्षाच्या अखेरीस मेक्सिकोतल्या गोलोंद्रिनास या तीनशे मीटरांहून खोल विवरात गुहासंशोधक पहिल्यांदा उतरले.

सगळ्यात लांब उतरण तर इमारतीवर झालीच नाही. २ नोव्हेंबर १९९३ रोजी रॉयल मरीन्सचे दहा जण इंग्लंडमधल्या बूल्बी खाणीच्या उभ्या विवरात १,१०५.५ मीटर खाली उतरले. उभ्या कड्यांचे आणि मनोऱ्यांचे विक्रम मागे टाकले ते जमिनीत खोदलेल्या एका खड्ड्यानं. आडात उतरणाऱ्यांच्या वंशजांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

सह्याद्रीची धार

मराठी माणसाची दोराशी जुनी ओळख आहे ती चढण्यासाठी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडाच्या कड्यावर दोरानं चढले. लोककथेत पुढे परतीचे दोर कापले जातात आणि उतरण्याचा विचारच संपतो. उतरण्याला खेळ म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांमुळे. खंडाळ्याची नागफणी, माळशेजजवळ हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही नावं तेव्हापासून रॅपलिंगशी, म्हणजे दोरानं उतरण्याशी, जोडली गेली. पावसाळ्यात धबधब्यांवरून उतरण्याचे कार्यक्रम तर आता दर शनिवार-रविवारी होतात.

कोकणकडा इथं महत्त्वाचा आहे, कारण तो उंच इमारतीपेक्षा वेगळा धडा देतो. कडा हजार फुटांहून अधिक उंच आहे आणि नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. माथ्यावरून काही अंतर गेलं की पाय टेकायला कातळच उरत नाही. माणूस नुसता दोरावर लटकतो आणि हळूहळू गरगरायला लागतो. काचेच्या इमारतीवर पाय टेकवत जाता येतं, इथं ते शक्य नाही. पण खरा धोका असतो माथ्यावरच्या धारेपाशी. सह्याद्रीचा बेसॉल्ट फुटतो तेव्हा त्याला धारदार कडा येतात. भार पडलेला, ताणलेला दोर अशा कडेवर आडवा घासला तर सहज कापला जातो. म्हणून जाणकार मंडळी धारेखाली जाड कापडाच्या किंवा रबराच्या घड्या टाकतात आणि दोर कातळाला टेकणारच नाही अशा जागी अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, घेतात. उड्या मारत, झटके देत उतरणाऱ्याला या माणसांकडून बोलणी बसतात ती याच कारणानं. प्रत्येक झटक्याला वरचा दोर धारेवर घासतो, आणि ते घासणं उतरणाऱ्याला दिसत नाही.

सांदण दरीसह सह्याद्रीतल्या अनेक वाटा लोकांपुढे आणणारे ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावरच्याच मोहिमेत मृत्यू झाला. अनेक दशकांचा अनुभव असलेल्या माणसालाही कडा सवलत देत नाही. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणीच्या चौकटीत आणायला सुरुवात केली. दोर पुरवणारा, अँकर ठोकणारा आणि पैसे घेणारा कोण, हे ठाऊक असणं ही सुरक्षेची पहिली पायरी आहे.

पडद्यावरचा वेग

स्टंट करणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला पडताना दिसायचं असतं आणि पडायचं मात्र नसतं. मराठी मुलुखानं असे नायक पाहिले आहेत. ‘आलम आरा’चा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांच्या काळातला तलवारबाजीचा आणि उड्यांचा राजा. भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, नृत्यासाठी ओळखले जाण्याआधी स्वस्तातले स्टंटपट काढत होते. त्या काळात नटाच्या आणि जमिनीच्या मध्ये फार तर गवताची गादी असे.

अमेरिकन स्टंटमन डार रॉबिन्सन यानं या खेळाचं यंत्र बदललं. १९७९ मध्ये ‘हायपॉइंट’ या चित्रपटासाठी त्यानं सीएन टॉवरवरून उडी घेतली. पॅराशूट कपड्यांत लपवलेलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं त्याच टॉवरवरून बारीक पोलादी तारेच्या आधारानं उडी मारली. तार एका यंत्रावर गुंडाळलेली होती आणि ते यंत्र शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग आवरत होतं. खाली हवेची गादी नसल्यामुळे कॅमेरा थेट वरून खाली रोखता आला. पाहणाऱ्याला पडणारा माणूस आणि जमीन एकाच चौकटीत दिसू लागली.

आज चित्रपटांत वापरला जाणारा ‘फॅन डिसेंडर’ याच वाटेवर आणखी पुढे गेला आहे. माणूस पडतो तशी तार एका रिळावरून सुटते आणि रिळाला जोडलेला पंखा गरगर फिरतो. पंख्याला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. त्यामुळे ठरलेल्या मर्यादेच्या पुढे वेग जातच नाही, कोणी ब्रेक दाबो वा न दाबो. उष्णता थेट वाऱ्यात जाते. तळवा, मांडी, ॲल्युमिनियम आणि आता हवा असा तिचा प्रवास झाला. कसरत पडद्यावर जितकी बेफाम दिसते, तितका ब्रेक माणसाच्या हातातून काढून घेतलेला असतो.

जिथं वेग ही हौस नसून गरज असते, तिथं मात्र अजूनही हातच कामी येतो. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मुंबईत दहशतवादी हल्ला सुरू असताना नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले. ते दृश्य सगळ्या देशानं दूरचित्रवाणीवर पाहिलं. सैन्यात याला ‘स्लिदरिंग’ म्हणतात. मनगटाएवढा जाड दोर, हातात जाड मोजे, डिसेंडर अनेकदा नाहीच. अंतर थोडं असतं म्हणून मोजे ती उष्णता सोसतात. ९० मीटरवर हीच पद्धत वापरली तर मोजे आणि तळवे दोन्ही जातील. अंतर बदललं की साधन बदलावं लागतं, आणि साधन बदललं की वेगाची मर्यादा.

थांबण्याची जागा

वेगानं उतरणाऱ्यांना एक विचित्र नियम शिकवला जातो. तापलेल्या डिसेंडरनं मध्येच थांबायचं नाही. माणूस खाली सरकत असताना दोराचा प्रत्येक भाग कडीला क्षणभरच भिडतो आणि पुढे जातो. उष्णता लांबवर वाटली जाते. माणूस थांबला की तीच तापलेली कडी दोराच्या एकाच जागी टेकून राहते. आवरण तिथं मऊ पडतं, चकाकतं, कधी वितळतं. म्हणून जमिनीवर पोहोचताच डिसेंडर लगेच दोरावरून सोडवायचा असतो. विक्रम साजरा करायचा तो त्यानंतर.

दुसरा नियम त्याहून साधा आहे. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारायची. दोर अपेक्षेपेक्षा आखूड निघाला आणि टोकाला गाठ नसेल, तर माणूस त्या टोकावरून सरळ निसटतो. अमेरिकेतला नामवंत गिर्यारोहक ब्रॅड गोब्राइट २७ नोव्हेंबर २०१९ रोजी मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिको इथं उतरत असताना असाच गेला. तो कित्येक कठीण कडे चढला होता, गाठ मात्र राहून गेली.

तिसरा नियम विक्रमाच्या चित्रफितीत सहसा दिसत नाही. खाली एक माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात तोच दोर असतो ज्यावरून वरचा उतरतो आहे. त्यानं दोर ताणून धरला की डिसेंडरमधला दोर कडीला घट्ट भिडतो आणि वरचा माणूस जागेवर थांबतो. ऑयलरचं तेच गणित इथं दुसऱ्याच्या हातानं चालवलं जातं. इमारतींच्या काचा धुणारे आणि रंग देणारे कुशल कामगार याच्याही पुढे जाऊन दोन वेगळ्या अँकरवर दोन वेगळे दोर बांधतात. एक कामाचा, एक जिवाचा. त्यांना रोज उतरायचं असतं, म्हणून त्यांचा हिशेब विक्रम करणाऱ्यापेक्षा कडक असतो.

यापुढे कोणी उंच इमारतीवरून काही सेकंदांत उतरल्याचं ऐकलंत, तर नुसता सेकंदांचा आकडा विचारू नका. ब्रेक कोणत्या मजल्यावर लागला, उष्णता कुठं गेली आणि खालचा दोर कोणाच्या हातात होता, हे विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली, तर तो माणूस खरोखर उतरला. देता आली नाहीत, तर तो पडला आणि योगायोगानं वाचला, एवढंच म्हणता येईल.